काकू बोलत होत्या, आम्हाला ऐकू येत नव्हतं : तीन गाड्या, तीन वॉकीटॉकी आणि वाया गेलेले दोन तास

दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी शेवटच्या गाडीचं मागचं डावं चाक बसलं. काकांनी गाडी कडेला घेतली आणि काकूंनी लगेच वॉकीटॉकीचं बटण दाबून सांगितलं, "आमचं चाक बसलंय, थांबा." पुढच्या दोन मिनिटांत त्यांनी हेच चार वेळा सांगितलं. पहिल्या गाडीत सेट माझ्या हातात होता, चालू होता, आवाज पुरेसा मोठा होता. तरी त्यातला एकही शब्द माझ्यापर्यंत पोचला नाही. उलट त्याच वेळी मी दिलेली सूचना काकूंना स्वच्छ ऐकू आली : "पुढच्या वळणावर दगड पडलेत, सावकाश या." मग माझा आवाज तुटायला लागला, खरखर झाली आणि सगळं शांत झालं.

आम्ही परत त्यांच्यापर्यंत पोचलो तेव्हा सव्वापाच होत आले होते. कोणाला इजा झाली नाही, पण त्या दोन तासांत काय काय होऊ शकलं असतं हे मी त्या रात्री अंथरुणावर पडून मोजत होते. म्हणूनच हे प्रकरण जसं घडलं तसं मांडते आहे. लांबच्या प्रवासाला वॉकीटॉकी घेऊन निघणारे पुष्कळ जण आहेत आणि आमच्यासारखीच चूक त्यांच्याकडूनही सहज होईल.

आम्ही अकरा जण होतो, गाड्या तीन. पहिली गाडी दादा चालवत होता, शेजारी मी. मधल्या गाडीत आतेभाऊ आणि वहिनी. शेवटच्या गाडीत काका, काकू आणि त्यांचा दहा वर्षांचा नातू. बाकीची मंडळी मागच्या सीटांवर. प्रवास दोन दिवसांचा, त्यातल्या पहिल्या दिवसाचा शेवटचा टप्पा घाटाचा, जिथे मोबाईलला रेंज मिळत नाही हे आधीच माहीत होतं. त्यासाठीच तर तीन सेट घेतले होते. तिन्ही एकाच कंपनीचे, अर्ध्या वॅटचे, बारीक सेलवर चालणारे, ४४६ मेगाहर्ट्झवरचे. खोक्यावर दहा किलोमीटरचा पल्ला छापलेला होता.

निघताना आम्ही तपासणी केली होती आणि ती कशी केली हे सांगण्यासारखं आहे. तिघे जण अंगणात तीन-तीन मीटरवर उभे राहिलो, सगळ्यांनी चॅनेल ४ आणि कोड ७ लावला, मी "हॅलो, येतंय का?" म्हटलं आणि दोन्हीकडून "येतंय" आलं. झालं. दुपारपर्यंत सेटनी कामही छान केलं. समोरून ट्रक येतोय, मागचा डावा इंडिकेटर लागत नाहीये, मुलांना उतरायचंय, अशा बारीकसारीक गोष्टी आम्ही एकमेकांना सांगत होतो आणि फोन करण्यापेक्षा हे किती सोपं, असं सगळ्यांना वाटत होतं. नंबर शोधायला नको, समोरच्याने उचलायची वाट पाहायला नको. बटण दाबलं की दोन्ही गाड्यांना एकदम ऐकू जातं.

जेवणाच्या थांब्यावर काकूंचा सेट नातवाच्या हातात होता. त्याने मेनूचं बटण दोनदा दाबलं, खालचं बटण काही वेळा दाबलं आणि सेट परत ठेवून दिला. बटणं लॉक केलेली नव्हती. पडद्यावर मोठा ४ तसाच राहिला, शेजारचा बारीक ७ जाऊन तिथे ० आला. दहा वर्षांच्या मुलाने बटणं दाबून पाहणं हे इतकं साहजिक आहे की त्याला दोष द्यावासा मला एकदाही वाटला नाही. दोष असलाच तर तो पुढच्या दीड तासात मी जे केलं त्यात आहे.

त्याआधी या कोडचं नीट सांगते, कारण सगळी गुंतागुंत तिथेच आहे. या सेटच्या माहितीपत्रकात त्याला 'प्रायव्हसी कोड' म्हणतात आणि या नावाने लोकांची फसगत होते. त्याने बोलणं गुप्त होत नाही. तांत्रिक भाषेत त्याला सीटीसीएसएस म्हणतात. तुमच्या आवाजाखाली एक अगदी खालच्या पट्टीतला सूर सतत पाठवला जातो, साधारण ६७ ते २५४ हर्ट्झमधला एक ठरावीक सूर. समोरच्या सेटवर तोच कोड लावलेला असेल तर सूर ओळखीचा वाटतो आणि स्पीकर उघडतो. सूर वेगळा असेल किंवा नसेलच, तर सेटला संदेश मिळतो, पण तो स्पीकर बंदच ठेवतो. म्हणजे कोड लावल्याने तुमचं बोलणं इतरांपासून लपत नाही, इतरांचं बोलणं तुमच्यापासून लपतं. आणि कोड शून्य म्हणजे सूर नाही : असा सेट सगळ्यांचं ऐकतो, पण कोड लावलेल्या सेटना त्याचं काहीच ऐकू जात नाही.

आमचं नेमकं हेच झालं. काकूंच्या सेटला आमचं सगळं ऐकू येत होतं. त्यामुळे आपला सेट बिघडलाय अशी शंका त्यांना यायचं कारणच नव्हतं. जेवून निघताना मी विचारलं, "निघालो ना सगळे?" वहिनी म्हणाल्या, "निघालो." काकूही म्हणाल्या, "निघालो." मला एकच उत्तर ऐकू आलं आणि ते मी दोघींचं धरलं. पुढे दोनदा मी "सगळं ठीक ना?" विचारलं, दोन्ही वेळा वहिनींचं "ठीक" आलं आणि मी समाधानाने सेट मांडीवर ठेवला. मधे एकदा काकूंनी विचारलं होतं की जरा पाय मोकळे करायला थांबायचं का. आमचं उत्तर आलं नाही. त्यांना वाटलं, अंधाराच्या आत घाट उतरायची आम्हाला घाई असेल. त्या गप्प बसल्या.

खरं तर एक खूण माझ्या डोळ्यासमोर होती. आमच्या सेटवर एक छोटा हिरवा दिवा आहे. चॅनेलवर कुणीही बोललं की तो लागतो, मग स्पीकर उघडो वा न उघडो. त्या दुपारी तो तीन-चार वेळा आवाजाशिवाय लागलेला मी पाहिला होता. मला वाटलं, जवळपासचं दुसरं कुणीतरी त्याच चॅनेलवर बोलत असेल. आपल्याच माणसाचं बोलणं असेल हे डोक्यात आलं नाही.

आता पल्ल्याचं. कोड बरोबर असता तर प्रश्न सुटला असता का? सुटला असता, पण अगदी थोडक्यात. कारण खोक्यावरचे दहा किलोमीटर हे गाडीतल्या माणसासाठी नाहीत. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर धरलेल्या सेटसाठी पृथ्वीच्या गोलाईमुळे पडणारी मर्यादा साधारण साडेचार किलोमीटर, समोरचाही तेवढाच उंच असेल तर दोघांची मिळून नऊ. हे झालं सपाट माळावर, मधे एकही झाड, घर किंवा चढ नसताना. त्यात गाडी म्हणजे पत्र्याची पेटी. ४४६ मेगाहर्ट्झची लहर ६७ सेंटिमीटर लांबीची, ती काचांमधून बाहेर पडते, पत्र्यातून नाही. काचेला धातूचा अंश असलेली फिल्म लावली असेल तर तीही वाट अरुंद होते. सेट गिअरशेजारच्या खळग्यात आडवा पडला असेल तर काही विचारूच नका. रस्त्यावर आम्हाला चांगला आवाज मिळाला तो दोन किलोमीटरपर्यंत, घाटात मधे डोंगराची सोंड आली की काहीशे मीटरही जड जात होते.

मग वेगाचं गणित मांडा. ताशी ४० किलोमीटरने चाललेली गाडी दोन मिनिटांत तेराशे मीटर पुढे जाते. म्हणजे मागची गाडी थांबली आणि पुढची चालत राहिली, तर घाटात सेटच्या टप्प्यातून बाहेर पडायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० असेल तर दोन किलोमीटर संपायला दीड मिनिट. हा हिशेब मी निघण्याआधी कधीच केला नव्हता. वॉकीटॉकी आहे म्हणजे आपण जोडलेले आहोत असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात आपण दीड-दोन मिनिटांच्या दोरीने बांधलेलो असतो.

आमची गाडी आणि मधली गाडी ४ वाजून ५ मिनिटांनी ठरलेल्या थांब्यावर पोचलो, चाक बसलं त्या जागेपासून तीस किलोमीटर पुढे. तिथे फोनला रेंज होती, पण काकांचा फोन लागत नव्हता. "येतीलच" म्हणत आम्ही पंचवीस मिनिटं उभे राहिलो. ही पंचवीस मिनिटं मला सगळ्यात जास्त बोचतात, कारण तेव्हा तर काहीतरी चुकलंय हे दिसत होतं. पण किती वेळ वाट पाहायची आणि मग काय करायचं हे आम्ही ठरवलेलंच नव्हतं, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता. साडेचारला दादा आणि मी मागे फिरलो. मधल्या गाडीला रेंज असलेल्या जागीच थांबायला सांगितलं, म्हणजे कुणाचा फोन आलाच तर घ्यायला कुणीतरी असेल. घाईत घेतलेला हा एक निर्णय मात्र बरोबर ठरला.

परतताना मी दर मिनिटाला हाक मारत होते. "काका, ऐकू येतंय का?" बटण सोडायचं, दहापर्यंत मोजायचं, पुन्हा हाक. पाच वाजून गेल्यावर एका वळणानंतर मी बटण सोडलं आणि हिरवा दिवा लागला. आवाज नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा दिवा, पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा अंगावर काटा आला. दिवा माझ्या प्रश्नाला उत्तर देत होता. मी म्हटलं, "काकू, माझं ऐकू येत असेल तर बटण नुसतं दोनदा दाबून सोडा." दिवा दोनदा लुकलुकला.

त्यानंतरची दोन-तीन मिनिटं आम्ही दिव्यावर बोललो. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. सगळे सुखरूप आहात? एकदा. अपघात झालाय? दोनदा. गाडी बंद पडलीय? दोनदा. चाक? एकदा. स्टेपनी नाहीये? दोनदा. मग पाना? एकदा, आणि तो बराच वेळ लागलेला राहिला. स्टेपनी धडधाकट होती, पण चाकाचे नट घट्ट बसले होते आणि लांब दांड्याचा पाना आमच्या डिकीत होता. पोचल्यावर दादाने दहा मिनिटांत चाक बदललं.

रात्री मुक्कामी तिन्ही सेट टेबलावर ठेवून पाहिले तेव्हा तो शून्य दिसला. माहितीपत्रक वाचताना आणखी एक गोष्ट सापडली : सेटच्या बाजूला 'मॉनिटर' नावाचं बटण होतं. ते दाबून धरलं की सेट कोडकडे दुर्लक्ष करून चॅनेलवरचं सगळं ऐकवतो. दुपारी हिरवा दिवा पहिल्यांदा मुकाट लागला तेव्हा मी ते बटण दाबलं असतं, तर काकूंचा आवाज तिथेच ऐकू आला असता. तुमच्या सेटवर हे बटण आहे का, असलं तर कुठे, एवढं तरी निघण्याआधी पाहून ठेवा.

पण कोड आणि बटणं ही माझ्या मते वरवरची कारणं. मूळ चूक अशी की सेट गप्प असला की सगळं ठीक आहे असं आम्ही कुणी न ठरवताच धरून चाललो होतो. गप्प सेटचे अर्थ अनेक असतात : सांगण्यासारखं काही नाही, सेल संपले, कोड बदलला, गाडी टप्प्याबाहेर गेली, गाडी दरीत गेली. ऐकणाऱ्याला हे सगळे सारखेच ऐकू येतात. विमानवाल्यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. विमानाचा रेडिओ बंद पडला तर वैमानिक ट्रान्सपाँडरवर, म्हणजे जमिनीवरच्या रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० हा आकडा लावतो, पुढे त्याने काय करायचं याचे नियम आधीच ठरलेले असतात आणि ते जमिनीवरच्यांनाही माहीत असतात. रेडिओ गेला तरी दोन्ही बाजू एकाच गोष्टीची अपेक्षा करत असतात. आम्हाला आकडा नको होता, ती अपेक्षा हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी अर्धा तास यावर घालवला. कोड तिन्ही सेटवर शून्य केला. त्याने कधी अनोळखी माणसाचं बोलणं कानावर येतं, पण सेट जिवंत आहे हेही त्यातून कळतं. बटणं लॉक केली. मग तपासणी, या वेळी गाड्या एकमेकींपासून दोनशे मीटर लांब, काचा बंद, इंजिन चालू. तीन सेट म्हणजे तीन जोड्या, पण वाटा सहा, कारण मी तुला ऐकते म्हणून तू मला ऐकतोस असं नसतं. प्रत्येकीने इतर दोघींना नाव घेऊन प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न असा की 'हो', 'ठीक' म्हणून भागू नये. तुमच्या डिझेलचा काटा कुठे आहे? मागे कोण झोपलंय? सहाच्या सहा उत्तरं आल्याशिवाय निघायचं नाही.

रस्त्यावर दर दहा मिनिटांनी हाक, आणि बोलायला सुरुवात शेवटच्या गाडीने करायची. शेवटची, मग मधली, मग आम्ही. हा क्रम काकांनी सुचवला आणि मला तो फार शहाणपणाचा वाटला, कारण मागे राहण्याचा धोका जिला सर्वात जास्त, तीच आधी बोलते आणि ती बोलली नाही तर लगेच लक्षात येतं. सूचना कानावर पडली की नुसतं 'ओके' नाही, तीच परत म्हणायची : "डावीकडे, पुलानंतर." थांबायचं असेल तर ब्रेकवर पाय जाण्याआधी बोलायचं, मागाहून नाही. त्या दोन मिनिटांच्या दोरीमुळे. सेट चालकाच्या हातात कधीच नाही. शेजारच्याने धरायचा, उभा, काचेजवळ, आणि बटण दाबल्यावर एक श्वास थांबून मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. 'डावीकडे वळू नका' मधला 'डावीकडे' गेला तर उरतं ते भलतंच.

आणि गप्प सेटचा अर्थ ठरवला. हाकेला उत्तर नाही, एका मिनिटाने पुन्हा हाक, तरी उत्तर नाही, तर पुढच्या गाड्यांनी पहिल्या सुरक्षित मोकळ्या जागी थांबायचं. दहा मिनिटं वाट पाहायची. तरी गाडी दिसली नाही तर एकीने मागे जायचं, दुसरीने जागा सोडायची नाही. शिवाय सेटशी संबंध नसलेला एक नियम : रस्ता फुटतो तिथे मागची गाडी वळताना आरशात दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. मोटरसायकलवरून गटाने फिरणारे वळणावर एकाला उभं ठेवतात, त्यामागे हाच विचार आहे. डोळ्यांना कोड लागत नाही.

दादाचं म्हणणं होतं की जास्त ताकदीचे सेट घ्यावेत. मला ते तितकंसं पटलं नाही. मोकळ्या जागेत पल्ला दुप्पट करायला ताकद चौपट लागते आणि मधे डोंगर असेल तर तीही फारशी कामाला येत नाही. छतावर बसवलेल्या अँटेनाने खरा फरक पडतो, पण ते सगळीकडे चालत नाही. युरोपात ४४६ मेगाहर्ट्झचे विनापरवाना सेट जास्तीत जास्त अर्ध्या वॅटचे आणि न काढता येणाऱ्या अँटेनाचेच असावे लागतात. भारतातही ४४६.० ते ४४६.२ हा पट्टा विनापरवाना आहे. अमेरिकेत मात्र विनापरवाना कौटुंबिक सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर, कमाल २ वॅटपर्यंत, आणि छतावरची अँटेना हवी तर परवान्याची वेगळी सेवा किंवा २७ मेगाहर्ट्झचा जुना सिटिझन्स बँड. ऑस्ट्रेलियात ४७६-४७७ मेगाहर्ट्झवर ५ वॅट चालतात आणि हमरस्त्यावरची वाहनं बहुधा चॅनेल ४० वर असतात. एका देशात घेतलेली जोडी दुसऱ्या देशात नेली तर ती तिथल्या तातडीच्या सेवांच्या लहरींवर बोलत असू शकते, म्हणून सीमा ओलांडणाऱ्यांनी हे आधी पाहावंच.

दुसऱ्या दिवशी १० वाजून ४० मिनिटांच्या हाकेला काकू बोलल्या, मधली गाडी बोलली नाही. मिनिटभराने मी वहिनींना नाव घेऊन विचारलं. उत्तर नाही, हिरवा दिवाही नाही. मी सांगितलं, "मधली गाडी गप्प आहे, आम्ही पुढच्या मोकळ्या जागी थांबतोय." काकूंनी तेच परत म्हटलं. १० वाजून ४४ मिनिटांनी आम्ही उभे होतो, दोन मिनिटांत आतेभावाची गाडी वळणावरून आली आणि वहिनींनी खिडकीतून सेट उंच धरून दाखवला. सेल उतरले होते. ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला पुष्कळ, त्यामुळे आमचं सगळं ऐकू येत होतं आणि बटण दाबलं की पडदा विझत होता. पाठोपाठ काका येऊन थांबले. सेल बदलले. मग तिन्ही गाड्यांनी काचा लावून पुन्हा एकमेकींना काटा कुठे आहे ते विचारलं, सहा उत्तरं मोजली, आणि दादाने गाडी रस्त्यावर घेतली.